चिंटू (चित्रपटमालिका)

चिंटू ही श्रीरंग गोडबोले यांनी दिग्दर्शित केलेल्या दोन मराठी बालचित्रपटांची मालिका आहे. मालिकेतील पहिला चित्रपट 'चिंटू' १८ मे २०१२ रोजी, तर 'चिंटू २ : खजिन्याची चित्तरकथा' हा उत्तरभाग पुढच्याच वर्षी, २०१३ साली प्रदर्शित झाला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी निर्माण केलेल्या व पुण्याच्या 'सकाळ' या दैनिकात १९९१ साली सुरू झालेल्या 'चिंटू' या हास्यचित्रमालिकेवर दोन्ही चित्रपट आधारलेले आहेत. मूळ पात्र रेखाटलेले असले तरी हे ॲनिमेशनपट नाहीत. त्यांतील मुलांच्या भूमिका बालकलाकारांनी केल्या आहेत.

मराठीत बालचित्रपटांची परंपरा जुनी आहे. पण एखाद्या बालचित्रपटाला उत्तरभाग लाभल्याची उदाहरणे थोडी आहेत. आजी-आजोबा, आई-वडील आणि नातवंडे यांनी एकत्र बसून पाहावयाचा उत्तरभाग म्हटले की महाराष्ट्रातील शहरांत बहुधा परदेशी ॲनिमेशनपटच समोर येतो. त्या पार्श्वभूमीवर पुण्यात जन्मलेल्या, मराठी बोलणाऱ्या आणि तिन्ही पिढ्यांना आधीपासून ठाऊक असलेल्या पात्राचा उत्तरभाग म्हणून 'चिंटू २' वेगळा ठरतो.

मूळ चित्रमालिका

'चिंटू'ची पहिली पट्टी २१ नोव्हेंबर १९९१ रोजी 'सकाळ'मध्ये छापली गेली. 'सकाळ' हे दैनिक नानासाहेब परुळेकर यांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात सुरू केले होते. १९९१ पर्यंत पुण्यातील अनेक घरांत त्याचे वाचन दोन-तीन पिढ्यांच्या सवयीचे झाले होते. मोजक्या चौकटींची ही पट्टी रोज येत असे. वृत्तपत्र हाती पडल्यावर आधी 'चिंटू' आणि मग बातम्या, असा क्रम लावणारे वाचक केवळ लहान वयाचेच होते असे नाही.

मालिकेचा विषय मध्यमवर्गीय मराठी कुटुंबातील एका शाळकरी मुलाचे रोजचे आयुष्य हा आहे. आई, पप्पा, आजी आणि आजोबा हे चिंटूच्या घरचे. पप्पू, मिनी, राजू, बगळ्या, नेहा आणि सोनू ही त्याच्या आसपासची मुले. शिवाय जोशीकाकू आणि सतीशदादा यांच्यासारखे शेजारी. कथानक असे जवळपास नाहीच. गृहपाठ, क्रिकेट, परीक्षेचे गुण, खाऊचा डबा, पावसाळी सुटीची आशा, पाहुण्यांसमोर तोंडातून निघून जाणारे नको ते वाक्य, एवढ्या सामग्रीवर ती वर्षानुवर्षे चालली. तिचे संग्रहही पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले.

चिंटूचे वय वाढत नाही. अशा चित्रमालिकांचा हा सर्वमान्य संकेत आहे. प्रत्येक वर्षी शाळा सुरू होते, दिवाळी येते, परीक्षा होते आणि चिंटू पुन्हा तेवढाच राहतो. वाचक मात्र वाढतात. पहिली पट्टी वाचताना दहा वर्षांचे असलेले मूल पहिला चित्रपट आला तेव्हा तिशी ओलांडून गेले होते आणि त्याच्या स्वतःच्या घरात कदाचित चिंटूच्या वयाचे मूल होते. ज्या पालकांनी तिशी-पस्तिशीत ती पट्टी मुलांना वाचून दाखवली ते आता आजी-आजोबा झाले होते. एकवीस वर्षे न वाढलेल्या पात्रामुळेच या तिन्ही पिढ्यांचा 'आपला चिंटू' एकच राहू शकला. चित्रपटांच्या वाट्याला आलेला प्रेक्षक असा आयता घडलेला होता.

निर्मिती

दोन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक श्रीरंग गोडबोले हे पुण्याच्या बालनाट्य चळवळीतून आलेले लेखक-दिग्दर्शक आहेत. बर्लिन येथे फोल्कर लुडविग यांनी उभारलेल्या 'ग्रिप्स' या बालरंगभूमीची संकल्पना डॉ. मोहन आगाशे यांनी १९८६ साली पुण्यात आणली. राजा-राणी, राक्षस आणि परी यांना बाजूला ठेवून आजच्या मुलांचे प्रश्न मुलांच्याच बाजूने मांडणे हे ग्रिप्सचे सूत्र आहे. आई-वडिलांची भांडणे, खेळायला नसलेली जागा, शेजारच्यांची दादागिरी असे विषय तेथे येतात. गोडबोले यांचे या रंगभूमीसाठीचे लेखन व दिग्दर्शन प्रसिद्ध आहे. चिंटूच्या आईची भूमिका करणाऱ्या विभावरी देशपांडे यांची जडणघडणही ग्रिप्समध्येच झाली.

ग्रिप्सची एक खूण अशी की तेथे मुलांच्या भूमिका प्रौढ नट करतात. प्रेक्षागृहातील मूल रंगमंचावरच्या वीस-पंचवीस वर्षांच्या नटाला काही मिनिटांतच आपल्या वयाचा मानू लागते. रंगभूमीवर हा संकेत सहज चालतो. कॅमेऱ्यासमोर, चेहरा जवळून दिसत असताना, तो टिकणे अवघड असते. त्यामुळे चित्रपटात खरी मुले घेण्यात आली. शुभंकर अत्रे याने चिंटूची भूमिका केली. सुबोध भावे यांनी पप्पांची, तर नाटककार सतीश आळेकर यांनी कर्नलकाकांची भूमिका केली. 'महानिर्वाण'सारखे नाटक लिहिणारे आळेकर मुलांच्या टोळीत रमलेले पाहणे हा मोठ्या प्रेक्षकांसाठी वेगळाच आनंद होता. नातवंडांना अर्थातच ते केवळ कर्नलकाका होते.

'चिंटू'ची निर्मिती इंडियन मॅजिक आय या संस्थेने केली. गीते संदीप खरे यांची आणि संगीत सलील कुलकर्णी यांचे होते. 'आयुष्यावर बोलू काही' या कार्यक्रमामुळे ही जोडी मोठ्यांना आणि 'अग्गोबाई ढग्गोबाई'तील बालगीतांमुळे मुलांना परिचित होती. म्हणजे चित्रमालिका, बालरंगभूमी आणि गाणी या तिन्ही बाजूंनी चित्रपटाची मुळे पुण्यातच होती.

चिंटू (२०१२)

पहिल्या चित्रपटाचे कथानक उन्हाळ्याच्या सुटीत घडते. मुलांनी सुटीभर खेळण्याचे बेत आखलेले असतात आणि नेमके त्यांचे मैदान दांडगाईच्या बळावर बळकावले जाते. ते परत मिळवण्यासाठी चिंटू आणि त्याचे सवंगडी जे उपद्व्याप करतात त्यांची ही गोष्ट आहे.

रोजच्या चार चौकटींत संपणाऱ्या विनोदाला दोन तासांची कथा पुरवणे हे अशा रूपांतरातील मुख्य काम असते. पट्टीत प्रत्येक दिवस नव्याने सुरू होतो, कालच्या खोडीचा परिणाम आज उरत नाही. चित्रपटात परिणाम उरावा लागतो. त्यासाठी मैदानाचा प्रश्न निवडणे योग्य ठरले, कारण तो पुण्याला अनोळखी नव्हता. वाडे जाऊन इमारती झाल्या, सोसायट्यांच्या मोकळ्या जागांत वाहने उभी राहू लागली, आणि 'येथे खेळण्यास मनाई आहे' ही पाटी शहरातील मुलांच्या पहिल्या वाचनपाठांपैकी एक बनली. ग्रिप्सच्या पुण्यातील नाटकांमध्ये 'पण आम्हाला खेळायचंय' या नावाचे एक नाटक आहे, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. वाड्याच्या चौकात विटीदांडू खेळलेले आजोबा, सोसायटीच्या वाहनतळात क्रिकेट खेळलेले वडील आणि तेही न मिळालेला नातू, असे तिघेही या चित्रपटातील मैदान आपापल्या आठवणीप्रमाणे पाहू शकतात.

चिंटू २ : खजिन्याची चित्तरकथा (२०१३)

उत्तरभागात मुले घर आणि वस्ती सोडून साहस शिबिराला जातात व तेथे एका खजिन्याच्या शोधात गुंततात. पहिल्या भागातील संघर्ष गल्लीतला होता, दुसऱ्यात तो रानात जातो. आई-पप्पांचा पहारा सुटतो आणि मुलांच्या टोळीला स्वतःचे निर्णय स्वतः घ्यावे लागतात. ओळखीच्या मंडळींना अनोळखी जागी नेणे ही उत्तरभागाची नेहमीची युक्ती आहे आणि ती येथेही वापरली आहे. तिची किंमतही मोजावी लागते: मूळ पट्टीचा प्राण असलेले घर, जेवणाचे ताट आणि आजोबांची आरामखुर्ची खजिन्याच्या धावपळीत मागे पडतात. ज्यांना चिंटू घरातला हवा आहे त्यांना पहिला भाग जवळचा वाटतो. साहसकथांची गोडी लागलेल्या वयाची मुले दुसऱ्याला पसंती देतात.

'चित्तरकथा' हा नावातील शब्द 'चित्रकथा' या शब्दाचे बोलीतले रूप असून मराठीत तो 'अजब, गुंतागुंतीची हकिगत' या अर्थाने वापरला जातो. चित्रपट्टीतून आलेल्या नायकाच्या बाबतीत त्याचे दोन्ही अर्थ लागू पडतात. चित्रे दाखवून गोष्ट सांगण्याची 'चित्रकथी' ही लोककला सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथे ठाकर समाजाने जपली आहे. तेथेही चित्रासमोर बसणारा श्रोता वयाने निवडलेला नसे.

दोन्ही भागांचे प्रदर्शन उन्हाळ्यात होण्यामागे व्यवहार आहे. महाराष्ट्रातील शाळांची वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये संपते आणि नवे वर्ष जूनच्या मध्यास सुरू होते. या काळात मुले आजोळी असतात किंवा आजी-आजोबा मुलांकडे आलेले असतात. दुपारच्या खेळाला नातवंडांना घेऊन जाणारे बहुतेकदा तेच असतात, कारण आई-वडिलांना कचेरीची सुटी नसते. मराठी बालचित्रपटाचे तिकीट कोण काढते, या प्रश्नाचे उत्तर अनेक घरांत 'आजोबा' असेच आहे.

न वाढणारे मूल आणि वाढणारा नट

रेखाटलेल्या पात्रावर चित्रपट काढताना खरा मुलगा घेतला की उत्तरभागावर काळाचे बंधन येते. दहा-अकरा वर्षांच्या मुलाचा चेहरा, उंची आणि आवाज दोन वर्षांत ओळखू न येण्याइतके बदलतात. 'चिंटू'चा दुसरा भाग पहिल्यानंतर वर्षभरात आला, म्हणून तीच मुले त्याच पात्रांत शोभली. याउलट ॲनिमेशनपटाला थांबता येते. 'द इन्क्रेडिबल्स' २००४ साली आला आणि त्याचा उत्तरभाग २०१८ साली; तरीही पहिला भाग जेथे संपला त्याच क्षणी दुसरा सुरू होतो. 'फाइंडिंग नीमो' (२००३) आणि 'फाइंडिंग डोरी' (२०१६) यांच्यात तेरा वर्षांचे अंतर आहे, कथेत मात्र एकच वर्ष गेलेले असते. या काळात पहिला भाग मांडीवर बसून पाहिलेली मुले महाविद्यालयात पोहोचली.

ॲनिमेशनमध्येही मुलाचे वाढणे पूर्णपणे टळत नाही. ते आवाजात शिरते. नीमोला आवाज देणारा अलेक्झांडर गूल्ड उत्तरभागापर्यंत मोठा झाला होता, म्हणून ते काम हेडन रोलेन्स या मुलाकडे गेले. 'इन्क्रेडिबल्स'मधील डॅशचा आवाजही असाच बदलला. 'इनसाइड आउट' (२०१५) मधील रायली ही अकरा वर्षांची मुलगी 'इनसाइड आउट २' (२०२४) मध्ये तेरा वर्षांची होते. प्रत्यक्षात मधे नऊ वर्षे गेल्यामुळे तिथेही आवाज नव्या मुलीचा घ्यावा लागला. 'टॉय स्टोरी'ने उलट मार्ग धरला. १९९५ साली लहानग्या अँडीला आवाज देणाऱ्या जॉन मॉरिस यानेच २०१० सालच्या तिसऱ्या भागात महाविद्यालयात निघालेल्या सतरा वर्षांच्या अँडीला आवाज दिला. नटाबरोबर पात्रही मोठे झाले आणि खेळणी मात्र तशीच राहिली. तो भाग पाहताना मुलांपेक्षा पालकच जास्त हेलावले, यात नवल नाही.

मराठीतील समांतर उदाहरणे

'चिंटू २'च्याच वर्षी, जून २०१३ मध्ये, महेश कोठारे यांचा 'झपाटलेला २' हा त्रिमितीय चित्रपट प्रदर्शित झाला. मूळ 'झपाटलेला' १९९३ सालचा. त्याचे नायक लक्ष्मीकांत बेर्डे यांचे २००४ साली निधन झाले होते. उत्तरभागात त्यांच्या पात्राच्या मुलाची भूमिका आदिनाथ कोठारे यांनी केली. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांची 'तात्या विंचू' ही बाहुली मात्र वीस वर्षांनंतरही तशीच होती. लहानपणी तात्या विंचूला घाबरून डोळे मिटलेले प्रेक्षक आता आपल्या मुलांचे डोळे झाकत होते. चित्राप्रमाणे बाहुलीलाही वय नसते.

पुण्याशी जोडलेले दुसरे लोकप्रिय बालपात्र म्हणजे भा. रा. भागवत यांचा फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे. दूरदर्शनवरील मालिकेत सुमीत राघवन यांनी बालवयात ही भूमिका केली होती. आदित्य सरपोतदार यांच्या २०१७ सालच्या 'फास्टर फेणे' चित्रपटात अमेय वाघ यांनी साकारलेला फेणे तरुण आहे आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येतो. ज्यांनी भागवतांची पुस्तके शाळेत वाचली ते प्रेक्षक मोठे झाले, तसा नायकही मोठा केला गेला. दिलीप प्रभावळकर यांनी त्यात भागवत नावाच्या लेखकाची भूमिका केली. या निर्णयामुळे चित्रपटाला तरुण प्रेक्षक मिळाला, पण दहा वर्षांच्या मुलाला पडद्यावर आपल्या वयाचा फेणे दिसला नाही. चिंटूच्या बाबतीत ही तडजोड करावी लागली नाही.

पुणे आणि ॲनिमेशन

'चिंटू'चे हे दोन चित्रपट ॲनिमेशनमध्ये आले नाहीत, याचा अर्थ पुण्यात ती कला नव्हती असा नाही. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली पुण्यात आली आणि १९३४ साली तिने 'जंबूकाका' हा लघु ॲनिमेशनपट काढला. त्याचे श्रेय रघुनाथ केळकर यांना दिले जाते. भारतातील सुरुवातीच्या बोलक्या ॲनिमेशनपटांत त्याची गणना होते. जंबूक म्हणजे कोल्हा; काका जोडून त्याला घरातला करून घेणे हे अस्सल मराठी नामकरण आहे. त्याही आधी दादासाहेब फाळके यांनी नाशिकला आगपेटीच्या काड्या एकेक चौकटीने हलवून 'आगकाड्यांची मौज' दाखवली होती. प्रभातच्या आवारात १९६० पासून आजची भारतीय चित्रपट व दूरचित्रवाणी संस्था उभी आहे.

पुढे संगणकीय ॲनिमेशनच्या काळात पुण्यात मोठे स्टुडिओ उभे राहिले. क्रेयॉन पिक्चर्स या पुण्याच्या स्टुडिओत तयार झालेला, निखिल अडवाणी दिग्दर्शित 'दिल्ली सफारी' हा त्रिमितीय ॲनिमेशनपट १९ ऑक्टोबर २०१२ रोजी, म्हणजे 'चिंटू'नंतर पाचच महिन्यांनी, प्रदर्शित झाला आणि त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. जंगल तोडले गेल्यावर दिल्लीला फिर्याद घेऊन निघालेल्या प्राण्यांची ती गोष्ट आहे. तो चित्रपट हिंदीत होता. एकाच वर्षी, एकाच शहरातून, चितारलेल्या प्राण्यांचा चित्रपट हिंदीत आणि चितारलेल्या मराठी मुलाचा चित्रपट हाडामांसाच्या मुलासह मराठीत आला.

यामागील अर्थकारण समजण्यास साधा हिशेब पुरेसा आहे. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. १०० मिनिटांच्या चित्रपटास १,४४,००० चौकटी लागतात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये एक चित्र दोन चौकटींसाठी वापरले तरी ७२,००० चित्रे काढावी लागतात. संगणकावर चित्रे मोजण्याची पद्धत बदलते, पण प्रत्येक पात्र घडवणे, त्याच्या हालचालीची यंत्रणा बसवणे, प्रकाश देणे आणि प्रत्येक चौकट संगणकाकडून पूर्ण करून घेणे यांत मोठा चमू बराच काळ गुंततो. हा खर्च भरून येण्यासाठी देशभरचा प्रेक्षक लागतो, आणि एका राज्याच्या भाषेतील चित्रपटाला तो मिळत नाही. मराठीत पूर्ण लांबीचे ॲनिमेशनपट झाले आहेत (२०१८ सालचा 'प्रभो शिवाजी राजा' हे एक उदाहरण), तरी त्यांची संख्या लहानच आहे.

भाषा आणि कौटुंबिक प्रेक्षक

परदेशी ॲनिमेशनपट भारतात इंग्रजीसह हिंदी, तमिळ आणि तेलुगू या भाषांत प्रदर्शित होतात. मराठी ध्वनिमुद्रण क्वचितच केले जाते, कारण महाराष्ट्रातील प्रेक्षक हिंदी समजतो असे वितरक धरून चालतात. हिंदी आवृत्त्यांना नामवंत आवाजही लाभतात. 'इन्क्रेडिबल्स २'मध्ये काजोल यांनी आणि 'इनसाइड आउट २'मध्ये अनन्या पांडे यांनी आवाज दिला.

पुण्यातील कुटुंबात याचा परिणाम चित्रपटगृहाच्या अंधारात दिसतो. इंग्रजी माध्यमातील नात इंग्रजी खेळाचा आग्रह धरते, आजीला हिंदी बरे वाटते, आणि कोणताही खेळ निवडला तरी विनोद एकीला आधी व दुसरीला मागाहून कळतो. मधे बसलेली आई हलक्या आवाजात अर्थ सांगत राहते. ॲनिमेशनपटातील विनोद बराचसा हालचालीवर चालत असल्याने आजी हसते खरी. पण संवादावर हसण्याची वेळ येते तेव्हा ती नातीच्या तोंडाकडे पाहते.

'चिंटू'च्या दोन्ही भागांत हा दुभाषी लागत नाही. जोशीकाकू कोण, हे आजीनेच नातीला सांगावयाचे असते. पट्टीतील चिंटू जसा दिसे तसा हा दिसतो का, आजोबांचा आवाज असाच वाटला होता का, पप्पूचे केस असे होते का, यावर घरी परतताना वाद होतात आणि त्यांत तिन्ही पिढ्यांना सारखाच अधिकार असतो. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या अनेक मुलांच्या बाबतीत 'चिंटू'चे संग्रह हे स्वतःहून वाचलेले पहिले मराठी पुस्तक ठरू शकते, कारण चित्र वाक्याला हात देते आणि वाक्य घरात बोलतात तसेच असते.